नकाराचा रकाना

सोमवार, २१ नोव्हेंबर १९७७

माझ्या पाठीमागं एक माणूस आणून बसवला आहे. मांडीवर पाटी, मनगटातलं घड्याळ काढून पाटीवर ठेवलेलं. दर पाच मिनिटांनी मान वर करतो, माझ्या बोर्डाकडं बघतो, पेन्सिलीनं एक रेघ ओढतो. सकाळी आठपासून चारपर्यंत हेच. चहा दिला तर 'ठेवा' म्हणाला.

बाबूसिंग नाव. विभागीय ऑफिसातून ट्रॅफिक मोजायला आलाय. रस्त्यावरचं नव्हे, तारेवरचं. किती जण फोन मागतात, किती जणांना मिळतो, हिंगोलीकडं जाणारी आमची एकुलती एक ट्रंक लाईन दिवसात किती वेळ गुंतलेली असते. दोन आठवडे मोजणार. त्यावरून वरचे लोक ठरवणार, ह्या गावाला आणखी लाईनी द्यायच्या की नाही.

त्याच्या कागदावर तीन रकाने. मागितले, जोडले, नकार. ज्याला 'लाईन खाली नाही, नंतर बघा' म्हणलं तो माणूस तिसऱ्या रकान्यात एक रेघ होऊन बसतो.

रेघ ओढणारा तो. पण नकार देणारी कोण? मी.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

शेषरावांनी बॅटरीच्या खोलीत बोलावलं. एक्स्चेंजचे इनचार्ज ते. कधी नव्हे ते आवाज खाली घेऊन बोलले.

'पद्माबाई, सांभाळून. हे लोक लाईन मोजायला येत न्हाईत, माणसं मोजायला येतात. नकार लई दिसले की वरून विचारणार, बोर्डावर कोण व्हतं? तुमी अजून कच्च्या. कच्च्या माणसावर पयला हात पडतो.'

चार वर्षं झाली परीक्षा पास होऊन. चार वर्षं कच्ची! चारनंतर बोर्डावर बसतो तो शेषरावांचा मेव्हणा, दीड वर्षात पक्का झाला. आणि मोजणी आठ ते चार. म्हणजे फक्त माझी पाळी. एवढं कळायला कुणी सांगावं लागत नाही.

घरी बाबांना सांगितलं. बाबांनी ह्याच लाईनीच्या खांबांचे खड्डे खणले होते. ते म्हणाले, 'मोजू दे की. आमचे बी खड्डे मोजायचे. कमी खोल निघाला की परत खणायला लावायचे. जास्ती खोल खणला त्याची कवा कुनी पट्टी लावली न्हाई.'

बाबांना यात हसू आलं. मला नाही.

बुधवार, २३ नोव्हेंबर

दहाला बोर्डावर कापसाच्या जिनिंगची झडप पडली, म्हणजे तिकडं कुणीतरी फोन उचलला. मुनीमजींना अकोला पाहिजे होतं. ट्रंक गुंतलेली. तोंडाशी हात धरून हळूच सांगितलं, तासाभरानं मागा.

मागून आवाज, 'कोणाला न्हाई म्हणालात?'

'कोणाला नाही.'

'झडप पडली व्हती.'

'आपोआप पडली. बोर्ड जुनं आहे.'

त्यानं रेघ ओढली नाही. माझ्या मानेकडं बघत राहिला असणार. दिवसभर मानेवर काहीतरी चालल्यासारखं वाटत होतं.

त्याचं खाकरणं सहन होत नाही. पेन्सिलीला टोक करतानाचा आवाज सहन होत नाही.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

आज तो यायच्या आधी अर्धा तास जाऊन बसले. त्रेचाळीस कनेक्शनं आहेत गावात. ट्रंक मागणारे त्यातले पंधरा-सोळा. एकेकाला घंटी दिली. जिनिंग, दोन्ही अडती, डॉक्टर, शाळा. सगळ्यांना एकच सांगितलं — लाईनीचं काम निघालंय, दोन आठवडे सकाळी आठ ते चार ट्रंक मागू नका. फारच निकड असेल तर चारनंतर.

मग गोरेगाव. तिथं पोस्टात सार्वजनिक फोन आहे, ग्यानोबा सांभाळतात. भला माणूस, जास्त विचारतो.

'आन् जे लोक पायी चालून येतेत त्यायला काय सांगू?'

'तेच सांगा. चारनंतर.'

'चारला तं मी कुलूप लावतो, बाई.'

'मग पुढच्या आठवड्यानंतर या म्हणावं.'

आठच्या आत सगळं आटपलं. बाबूसिंग आला तेव्हा मी कानाला हेडफोन लावून सरळ बसले होते. फार बरं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

नकार — शून्य.

बाजाराचा दिवस, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि बोर्डावर झडप नाही. तो दोनदा उठून बोर्डाच्या मागं जाऊन तारा बघून आला. बघ म्हणावं.

'आज लई शांत,' म्हणाला.

'लोकांना कामं असतात. वेचणी चालू आहे.'

शनिवार, २६ नोव्हेंबर

दुपारी तो व्हरांड्यात एकटाच भाकरी खात होता. गोरेगावकडच्या एका तांड्यावरचा आहे म्हणे. शेषरावांनी त्याच्यासाठी आतून पाण्याचा तांब्या मागवला नाही, तो स्वतः नळावर गेला. मी बघितलं. मलाही पहिलं वर्षभर नळावरच जावं लागलं होतं, माणसं जुनी आणि तांब्या त्यांचा.

म्हणून तर राग जास्त येतो. शेषरावांसारख्यानं माझ्यावर पहारा ठेवला तर समजू शकते. ह्याला तरी कळायला पाहिजे होतं.

जेवून आल्यावर विचारलं त्यानं, 'पद्माबाई, तुमाला माझ्यापून काही तकलीफ हाय का?'

'पाठीमागं उभा राहिलेला माणूस कुणाला आवडतो?'

'मी तं बसेल हावं.'

'तेच.'

रविवार, २७ नोव्हेंबर

सुट्टी. धुणं, दळण.

सोमवार, २८ नोव्हेंबर

नकार शून्य. जिनिंगचा फोन साडेदहाला, चाळीस मिनिटं. त्यांना आठ ते चार मागू नका म्हणलं होतं तरी मुनीमजींनी मागितला, लाईन खाली होती म्हणून दिला. तेवढ्यात गोरेगावची झडप. ग्यानोबा. एक म्हातारी आलीय, तिचा लेक नांदेडच्या दवाखान्यात हाय, लावता का? ट्रंक गुंतलेली. 'थांबा' म्हणले असते तर रेघ. हळूच म्हणले, चारनंतर. ते म्हणाले, बाई, चारला मी — एवढ्यात मी बोर्डावरची दोरी काढली, फोन तोडला.

शेषराव आज मला बघून हसले. दात दिसले त्यांचे.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

शून्य.

ग्यानोबा परत. तीच म्हातारी. सांगितलं, ह्या आठवड्यात पाठवूच नका. 'बाई, तिचं चालणं —' मी ऐकून घेतलं नाही. गावोगावच्या म्हाताऱ्यांना फोन लावून देण्यासाठी मी माझी भाकरी घालवायची का? नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत, नर्स आहेत. हिच्या बोलण्यानं तो बरा होणार आहे का?

बाबूसिंग आज एकदा म्हणाला, 'कोण व्हतं?' मी म्हणलं, 'गोरेगाव. घंटी तपासत होते.' त्यानं मान डोलावली. मूर्ख आहे, किंवा मला मूर्ख समजतो.

बुधवार, ३० नोव्हेंबर

शून्य. शेषराव म्हणाले, 'शाब्बास.' चार वर्षांत पहिला शाब्बास.

गुरुवार, १ डिसेंबर

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

साडेनऊला दारात म्हातारी. घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांची ओढणी. पहाटे निघालेल्या कापसाच्या गाडीवर बसून आलेली. केसांत सरकीचे तंतू अडकले होते. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. हातात चिठ्ठी. ग्यानोबांचं अक्षर — 'ह्या रूपाबाई. लेक पेमा, नांदेडला गोदामात हमाली करतो, थप्पीवरून पडला. दवाखान्याचा नंबर खाली लिहिला आहे. दोन दिवस रोज दोन कोस चालून येत होत्या. लावून द्यावा ही विनंती.'

बाबूसिंग उठला. त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. तिला हाताला धरून आत आणलं आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर तिच्या हातात दिला, कानाला कसा धरायचा ते दाखवलं. तिनं दोन्ही हातांनी धरला.

ट्रंकवर जिनिंग होतं. मी त्यांना तोडलं. न सांगता. हिंगोलीला सांगितलं अर्जंट, नांदेड. नंबर लागला. दवाखान्यात कुणीतरी फोन घेतला, वॉर्डातला कारकून असेल. आधी ऐकते ती मीच. म्हातारीला जोडायला फक्त कळ पुढं करायची होती.

'पेमा? गोदामातला?' तो म्हणाला. 'काल दुपारी गेला हो तो. तुम्ही घरचं कोण? बिचारा मंगळवारपर्यंत शुद्धीवर होता. सारखं विचारत होता, गावाकडून फोन आला का. आमच्याकडं तुमचा काही पत्ता नव्हता.'

बोट कळीवर होतं. म्हातारी माझ्याकडं बघत होती. तिला वाटत होतं मी ऐकतेय म्हणजे तो बोलतोय.

मी कळ पुढं केली नाही. मागं वळून बाबूसिंगला म्हणलं, 'तुम्ही सांगा. मला येत नाही तिची बोली.'

'काय सांगू?'

'काल गेला.'

तो तिच्यासमोर फरशीवर बसला. काय म्हणाला मला कळलं नाही. फार थोडे शब्द होते. ती रडली नाही. रिसीव्हर परत कानाला लावला आणि ऐकत राहिली. त्यात आवाज नव्हता. बऱ्याच वेळानं बाबूसिंगनं तो तिच्या हातातून सोडवून घेतला.

मग तो माझ्या हेडफोनवरून दवाखान्याशी बोलला, मयत ठेवा, आम्ही येऊन राहिलोत. पाटी, घड्याळ तिथंच टाकून तिला घेऊन साडेदहाच्या एसटीनं नांदेडला गेला.

जिनिंगची झडप पडली. मुनीमजी ओरडले, फोन कोणी तोडला? मी म्हणलं, मी.

शुक्रवार, २ डिसेंबर

बाबूसिंग दुपारी आला. तोच सदरा. अंत्यविधी नांदेडलाच केला. तिला तांड्यावर सोडून आला.

मी शेषराव जेवायला जायची वाट बघितली. मग म्हणलं, 'सोमवारी आणि मंगळवारी ग्यानोबांनी तिच्यासाठीच लाईन मागितली होती. मी परतवली. तुमच्या कागदावर रेघ नको म्हणून. त्याआधीच्या गुरुवारी मी गावभर फोन करून लोकांना थांबवलं. तुमचे आकडे खोटे आहेत.'

तो पाटीवरचे कागद सारखे करत होता. वर बघितलं नाही.

'मला मालूम हाय.'

'काय?'

'पयल्या शुक्रवारीच कळलं. बाजाराच्या दिवशी एक बी झडप न्हाई, असं गाव नसते, पद्माबाई. लोकायला कोणीतरी थांबवून राहिलं हे आंधळ्याला बी दिसलं असतं.'

'मग बोलला काहून नाही?'

'आकडे कोणी दाबले तर त्याचं नाव लिवून द्या, असं वरून सांगून धाडलं व्हतं मला. तुमचं नाव लिवायचं नव्हतं. दोन हप्ते भरले की गुमान निघून जाणार व्हतो.'

'सोमवारी मी हळू बोलले ते ऐकलं होतं?'

'"चारनंतर" येवढं ऐकलं.'

'कोण होतं ते विचारलं?'

'न्हाई.'

'काहून?'

त्यानं पेन्सिल उचलून परत पाटीवर ठेवली. मला वाटलं ती पेन्सिल घेऊन मोडावी. मला वाचवायचं ह्याला कुणी सांगितलं होतं? मी भीतीनं खोटं बोलले, हा दयेनं गप्प बसला, आणि तिकडं तो पोरगा दोन दिवस विचारत होता. पाळतीवरचा माणूस परवडला. दया करणारा नको.

सगळं तोंडावर बोलले त्याच्या. 'तुम्ही मला माणूस समजला नाहीत, गरीब गाय समजलात,' असंही म्हणलं. तो ऐकत राहिला. ते तर अजूनच सहन झालं नाही.

शेवटी म्हणलं, 'लिहा माझं नाव.'

'न्हाई लिवणार.'

'मग मी लिहिते.'

शनिवार, ३ डिसेंबर

जबाब लिहिला. दीड पान. कोणत्या तारखेला कुणाकुणाला थांबवलं, काय कारण सांगितलं, म्हातारीचे दोन फोन. शेषरावांच्या हातात दिला, वर पाठवा म्हणलं.

वाचून त्यांचा चेहरा उतरला. 'मी तुमाला असं कराया सांगितलं व्हतं का?'

'नाही. तुम्ही फक्त भीती घातली. केलं मी.'

'येड्या झालात का? नोकरी जाईल.'

बाबूसिंगनं पुढच्या सोमवारपासून एक आठवडा मोजणी परत करायची असं विभागाला कळवलं. कारण काय दिलं ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, लिहून दिलं म्हणून तरी काही बोलतील. ते म्हणाले, 'लिवलं ते बरं केलं. पर माझ्यापून शाबासकी मागू नको, बाई. ती माउली काय घेऊन घरी गेली?'

सोमवार, ५ डिसेंबर

सकाळी सगळ्यांना परत फोन केले. लागेल तेव्हा मागा. खोटं सांगितलं होतं, काम वगैरे काही नव्हतं. डॉक्टर फार चिडले. दोन पेशंट त्यांनी फोन न करताच परभणीला पाठवले होते. ऐकून घेतलं.

मागितले ५८. जोडले १९. नकार ३९.

प्रत्येक नकार मी मोठ्यानं बोलत होते. 'गोरेगाव, नाही.' 'शाळा, नाही.' मागं पेन्सिल चालत होती.

मंगळवार, ६ डिसेंबर

पहाटे विहारात वंदना करून तशीच बोर्डावर आले. पांढरं पातळ बघून चारला पाळीवर आलेले मेव्हणेसाहेब काहीतरी पुटपुटले. त्यांच्याकडं बघितलं, तर गप्प झाले.

नकार ४१.

बुधवार, ७ डिसेंबर

बाबूसिंग आज बोर्डामागं नव्हता. गोरेगावच्या पोस्टाच्या पायरीवर दिवसभर बसून आला. इथले आकडे मला लिहायला सांगून गेला, पाटी आणि घड्याळ माझ्याकडं देऊन. मोजणं सोपं नाही. दर पाच मिनिटांनी मान वर करायची आणि फोनही जोडायचे. दोनदा चुकलं. चुकलं तिथं चूक असं लिहिलं.

संध्याकाळी परत आल्यावर म्हणाला, 'बावीस जण आले. ग्यानोबानं सातच जणांसाठी तुमाला घंटी दिली. बाकीचे रांग बघूनच माघारी गेले.'

'मग ते कोणत्या रकान्यात?'

'कोणत्याच न्हाई. छापील कागदात त्यायला जागा न्हाई.'

त्यानं पट्टी घेऊन कडेला चौथा रकाना आखला. नाव काय द्यायचं ते सुचेना दोघांना. तसाच कोरा ठेवला, खाली फक्त पंधरा लिहिलं.

शुक्रवार, ९ डिसेंबर

त्यानं गणित मांडून दाखवलं. मी मागितलं नव्हतं. सगळ्यात गर्दीचा तास दहा ते अकरा. त्या तासात लाईन एक मिनिटसुद्धा मोकळी नाही. जोडलेल्या एका माणसामागं दोन माणसं परत जातात. 'लाईन सदा भरलेली दिसते म्हणून वरचे लोक खुश असतेत, पुरेपूर वापर व्हऊन राहिला म्हणून. भरलेली लाईन म्हणजे बाहेर थांबेल माणसं. दोन लाईनी बी पुरायच्या न्हाईत. तीन मागतो.'

हुशार आहे. ते मान्य करावं लागतं. त्यानं राग कमी होत नाही.

शनिवार, १० डिसेंबर

गेला. कागदांचं बाड काखेत घेऊन चारच्या एसटीनं. दारात थांबला, 'येतो, पद्माबाई.' मी बोर्डावर होते, गोरेगाव जोडत होते. मान वळवली नाही. वळवता आली असती.

मागची खुर्ची शेषरावांनी उचलून नेली.

सोमवार, २ जानेवारी १९७८

जबाबावर काहीच आलं नाही. ना मेमो, ना चौकशी. रोज टपाल बघते. शेषराव म्हणतात, 'सरकारी काम हाय, येळ लागतो.' माझ्याशी फार गोड बोलतात हल्ली.

गोरेगावला ग्यानोबांना विचारलं, रूपाबाई कशा आहेत. म्हणाले, 'वेचणीला जातेत. पोस्टाकडनं जाणं सोडलं त्यायनी. वळसा घालून जातेत.'

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

विभागाचा कागद आला. दोन लाईनी मंजूर. खाली परिच्छेद — पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे मोजणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे रद्द. बाबूसिंग यांनी तसं स्वतः लिहून दिलं आहे. त्यांना मोजणीवरून काढलं, बढती रोखली. माझं नाव कुठंच नाही. शेषरावांना विचारलं तर बोर्डाकडं बघत म्हणाले, 'तुमचा जबाब त्यो जाताना मागून घेऊन गेला. म्हणला, मीच देतो वर.'

परत तेच. परत मला न विचारता.

जबाब पुन्हा लिहिला. म्हातारीचे दोन फोन, मी परतवले. बाबूसिंगला आकडे खोटे आहेत हे माहीत होतं आणि तो गप्प बसला, हेही लिहिलं. त्याची चूक तेवढीच, बाकी सगळी माझी. रजिस्टरनं, मीच पोस्टात नेऊन टाकला.